डोंगराच्या पोटातला हिशोब

पाण्यावर एक हंस तरंगतो आहे. त्याच्या मागे डोंगराचा उतार, आणि उतारावर खाणीच्या तोंडाशी उभारलेल्या इमारती. हे चित्र आहे तळहातावर भरभक्कम बसणाऱ्या एका चांदीच्या नाण्यावर. अठराव्या शतकात हार्ट्स डोंगरातल्या त्सेलरफेल्ड या जर्मन गावच्या टाकसाळीत ते पाडले गेले. त्यातली चांदी ज्या खाणीतून निघाली, तिचे नाव 'वाइसर श्वान', म्हणजे 'पांढरा हंस'. खाणीचे नाव हंस, म्हणून नाण्यावर हंस.

याच टाकसाळीतल्या दुसऱ्या एका नाण्यावर ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारी स्त्री आहे. ती चांदी लाउटेनटाल गावच्या 'लाउटेनटालचे भाग्य' या खाणीची. गावाच्या नावात ल्यूटचा उच्चार दडलेला आहे, तो ठसा कोरणाऱ्याने उचलला आणि त्याचे चित्र केले. आणखी एका नाण्यावर इंद्रधनुष्य आहे, कारण खाणीचे नावच 'इंद्रधनुष्य'. 'परमेश्वराची कृपा' नावाचीही एक खाण होती आणि तिचीही नाणी आहेत. त्यांवर कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा : 'परमेश्वराची कृपा' ही खाण 1740 सालच्या रेमिनिसेरे तिमाहीत नफ्यात आली.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्याच्यावरून नजर हलली नाही. नाण्यावर राजाचे नाव असते, देवाचे असते, लढाईतला विजय असतो. पण अमुक खाणीने अमुक तिमाहीत पहिल्यांदा नफा दिला, अशी जमाखर्चाच्या वहीतली नोंद चांदीवर ठोकून बाजारात सोडलेली मी तोवर पाहिली नव्हती. रेमिनिसेरे, ट्रिनिटाटिस, क्रुसिस आणि लुसिए ही खाणीच्या वर्षाच्या चार तिमाहींची नावे, चर्चच्या पंचांगातून आलेली. दर तिमाहीला हिशोब व्हायचा, आणि नफा असेल तर तो वाटला जायचा. त्या नफ्याला जर्मनमध्ये 'आउसबॉयटे' म्हणतात. म्हणून ही नाणी 'आउसबॉयटे टालर' या नावाने ओळखली जातात. पुढची पाने या नाण्यांविषयी आहेत.

टालर हा शब्द मात्र आधी समजून घ्यायला हवा, कारण तोही एका खाणीच्या गावातून आला आहे. आपल्याकडे चांदवडच्या टाकसाळीचा रुपया चांदवडी म्हणून ओळखला गेला, तसेच हे झाले. 1516 साली बोहेमियाच्या डोंगरात, आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या हद्दीत, चांदीची मोठी शीर सापडली. तिथे वसलेल्या गावाचे नाव सांक्ट योआखिमस्टाल, म्हणजे संत योआखिमची दरी. जहागीर श्लिक घराण्याच्या काउंटांची होती. 1520 च्या सुमारास त्यांनी एका बाजूला संत योआखिम आणि दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह असलेली चांदीची मोठी नाणी पाडायला सुरुवात केली. एवढी मोठी चांदीची नाणी त्याआधीही निघाली होती, टिरोलमध्ये 1486 सालीच. पण योआखिमस्टालमधून ती इतक्या संख्येने बाहेर पडली की लोकांनी त्या जातीच्या सगळ्याच नाण्यांना योआखिमस्टालर म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यातला संत गळाला आणि टालर उरला. नेदरलँड्समध्ये त्याचा डालर झाला आणि अटलांटिक ओलांडल्यावर डॉलर.

या नाण्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. टालरच्याच घराण्यातले, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाचे नाणे तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर शतकभराहून जास्त काळ चालत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना इथिओपियाच्या बाजूला त्याची गरज पडली, तेव्हा 1940-41 मध्ये मुंबईच्या टाकसाळीने ही नाणी पाडली, जवळजवळ एक कोटी नव्वद लाख. त्यांवर साल मात्र नेहमीप्रमाणे 1780 च होते. बोहेमियातल्या एका दरीचे नाव पोटात घेऊन आलेले नाणे फोर्टमधल्या टाकसाळीत ठोकले गेले, हे मुंबईकराने जरूर लक्षात ठेवावे.

आता खाणींकडे वळतो. चांदीने श्रीमंत झालेले जर्मन प्रदेश मुख्यतः तीन. पहिला सॅक्सनीचा एर्झगेबिर्गे, म्हणजे शब्दशः धातूचा डोंगर. तिथे फ्रायबेर्गजवळ 1168 साली चांदी सापडली. दुसरा हार्ट्स. त्याच्या पायथ्याच्या गोस्लार शहराजवळच्या रामेल्सबेर्ग डोंगरात दहाव्या शतकापासून खोदकाम चालू होते, ते थेट 1988 साली थांबले. तिसरा मान्सफेल्ड. तिथल्या तांब्याच्या काळ्या पाटीदगडात चांदी मिसळलेली असते. धर्मसुधारक मार्टिन लूथरचे वडील याच मान्सफेल्डमध्ये धातूच्या भट्ट्या चालवत असत.

चांदी सापडल्याची बातमी पसरली की माणसांची रीघ लागायची. या गदारोळाला जर्मनमध्ये 'बेर्गगेश्राय' असा सुंदर शब्द आहे, डोंगराची हाकाटी. सॅक्सनीतल्या श्नेबेर्गमध्ये 1477 साली खाणीत चांदीचा एवढा मोठा ठोकळा लागला की ड्यूक आल्ब्रेख्ट स्वतः खाली उतरला आणि त्या ठोकळ्याचे टेबल करून जेवला, अशी गोष्ट सांगतात. दंतकथेत अतिशयोक्ती असणारच. पण आपल्या पायाखाली राज्याचा खजिना आहे, ही राजाची भावना तिच्यात नेमकी पकडलेली आहे. योआखिमस्टालमध्ये तर चांदी सापडल्यावर वीस वर्षांच्या आत अठरा हजारांच्या आसपास माणसे राहू लागली.

चांदी मातीतून उचलून नाण्यावर ठोकता येत नाही. हार्ट्समध्ये ती प्रामुख्याने शिशाच्या खनिजात विखुरलेली असते. खनिज फोडायचे, पाणचक्कीवर चालणाऱ्या मुसळांखाली कुटायचे, धुऊन हलकी माती वेगळी करायची, भाजायचे, मग भट्टीत वितळवायचे. हाती येते ते चांदीमिश्रित शिसे. ते उघड्या भट्टीत तापवून वरून भात्याचा वारा सोडला की शिशाचे मुर्दाडशिंग होते आणि ते वाहून जाते किंवा भट्टीच्या बुडात शोषले जाते. शेवटी शिशाचा उरलेला पातळ पापुद्रा फाटतो आणि खालची शुद्ध चांदी एकदम लखकन चमकते. त्या क्षणाला भट्टीवाले 'सिल्बरब्लिक' म्हणत, चांदीची नजर. तासन्‌तास आगीपाशी उभे राहणाऱ्या माणसालाच असा शब्द सुचू शकतो.

ही सगळी कामे एकत्र पाहायची असतील तर सॅक्सनीतल्या आनाबेर्ग गावच्या संत आनाच्या चर्चमध्ये जावे. तिथल्या एका वेदीच्या मागच्या बाजूला हान्स हेसे या चित्रकाराने 1521 साली खाणकाम रंगवले आहे. डोंगरभर खणणारी माणसे, खनिज धुणाऱ्या बाया, भट्टी, आणि शेवटी नाणी ठोकणारा टाकसाळ्या. शब्दांत हे सगळे नोंदवले गेओर्गियुस आग्रिकोलाने. तो योआखिमस्टालचा गाववैद्य होता. रोग्यांकडून आणि खाणवाल्यांकडून ऐकत, पाहत त्याने आयुष्यभर माहिती जमवली. त्याचा 'दे रे मेटालिका' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1556 साली बाझेलमध्ये छापला गेला आणि पुढची दोनशे वर्षे खाणकामाचा आधारग्रंथ राहिला. नाण्यांवरच्या खाणचित्रांत जे रहाट, पंप आणि घोड्यांची चक्रे दिसतात, ती ओळखायला आग्रिकोलाच्या ग्रंथातली लाकडी ठशांची चित्रे आजही सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात.

खाणी एकट्या राजाच्या नव्हत्या, आणि या नाण्यांचे मर्म इथेच आहे. सॅक्सनीत एका खाणीचे साधारण 128 भाग पाडत. एका भागाला 'कुक्स' म्हणत. हे भाग व्यापारी घेत, शहरातले कारागीर घेत, चर्च घेई, विद्वान घेत. खाण चालवण्यावर देखरेख सरकारी खाण अधिकाऱ्यांची. राजाला उत्पन्नातला दशमांश मिळे, आणि चांदी ठरलेल्या भावाने त्याच्याच टाकसाळीत घालावी लागे. दर तिमाहीला कोणत्या खाणीने काय दिले याची पत्रके निघत. नफा असेल तर आउसबॉयटे. तोटा असेल तर उलट भागधारकालाच खिशातून पैसे भरावे लागत, त्याला 'त्सुबुसे' म्हणत. ती भरली नाही तर त्याचा भाग जात असे. बहुतेक खाणी बहुतेक काळ त्सुबुसेच मागत. मराठीत आपण नफा झाला की चांदी झाली म्हणतो. या भागधारकांच्या बाबतीत तो वाक्प्रचार शब्दशः खरा होता, पण चांदी होणारे थोडे होते.

म्हणून आउसबॉयटे टालरकडे पाहताना हे विसरू नये की नाण्यावर फक्त यशस्वी खाणी आल्या. तोट्यातल्या खाणीचे नाणे कोणी पाडले नाही. 'परमेश्वराची कृपा' ज्या तिमाहीत नफ्यात आली ती तिमाही चांदीवर राहिली. तिच्या आसपासच्या उतारांवर किती विहिरी निष्फळ खणल्या गेल्या, हे नाण्यांवरून कधीच कळणार नाही. खाणीचा इतिहास लिहिणाऱ्याने या नाण्यांना पुरावा मानावे, पण अर्धा पुरावा.

ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांनी या नाण्यांची सगळ्यांत भव्य जात पाडली. ड्यूक युलियुसने 1574 साली 'ल्योझर' नावाची अनेक टालर किमतीची प्रचंड नाणी काढली. त्यांवर त्याच्या चित्राभोवती राशी आणि ग्रह कोरलेले होते. ऐपतीप्रमाणे प्रजाजनांनी ही नाणी घ्यावीत आणि जपून ठेवावीत, म्हणजे राज्यात चांदीचा साठा राहील, असा त्याचा हेतू होता. याच युलियुसच्या साध्या टालरवर हातात पेटता दिवा धरलेला रानमाणूस आहे, आणि त्याचे ब्रीद लॅटिनमध्ये सांगते की इतरांची सेवा करता करता मी झिजतो. हा रानमाणूस हार्ट्सच्या दंतकथेतला. त्याच्या नावाचे विल्डेमान हे खाणकामगारांचे गाव आजही आहे. ब्रीद ड्यूकचे आहे. पण जमिनीखाली दिव्याच्या उजेडात झिजणारी माणसे कोण होती, हे मला ते वाचताना प्रत्येक वेळी आठवते.

सतराव्या शतकात ल्योझरवरची चित्रे विलक्षण झाली. ड्यूक ख्रिश्चन लुडविगच्या नाण्यांवर ढगातून एक हात येतो आणि उधळलेल्या घोड्याच्या डोक्यावर पुष्पमुकुट धरतो. घोडा हे त्या घराण्याचे चिन्ह. त्याच्या टापांखाली सगळा खाणीचा मुलूख पसरलेला असतो : टेकड्या, विहिरींवरच्या शंकूसारख्या छपराच्या इमारती, आणि मुंगीएवढी माणसे. काही नाण्यांत जमीन उभी कापून आतले बोगदेही दाखवले आहेत. तीन बोटे रुंदीच्या चांदीवर एवढे काम पोलादी ठशात उलटे कोरणारा कारागीर साधा नव्हता. शिल्पकलेच्या इतिहासात अशा कोरणाऱ्यांना जी थोडीशी जागा मिळते ती मला अन्यायाची वाटते.

हार्ट्समध्ये खरी लढाई चांदीशी नव्हती, पाण्याशी होती. खाण जितकी खोल तितके पाणी जास्त, आणि ते उपसणारी चाकेही पाण्यावरच चालत. म्हणून 1536 पासून सुमारे तीनशे वर्षांत तिथल्या लोकांनी डोंगरभर तळी आणि पाट बांधले. त्यातली 107 तळी, 310 किलोमीटर पाट आणि 31 किलोमीटर बोगदे जागतिक वारशात नोंदलेले आहेत. तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिझ हानोवरच्या ड्यूकच्या नोकरीत असताना 1680 च्या दशकात इथे वर्षानुवर्षे येत राहिला. पवनचक्क्यांनी पाणी उपसायचे अशी त्याची योजना होती. ती फसली. पण कॅल्क्युलसवर काम करणारा माणूस क्लाउस्टालच्या खाणीवर पंपांशी झटत होता, यावरून त्या काळी खाण म्हणजे काय होते ते कळते. नाण्यांवर तळी आणि चाके दिसतात ती सजावट म्हणून नाही. ती नसती तर नाणेच नसते.

हाइन्रिख हाइने हा कवी 1824 साली पायी हार्ट्स फिरताना क्लाउस्टालच्या दोन खाणींत उतरला आणि तिथली टाकसाळही पाहून आला. नुकत्याच पाडलेल्या टालरविषयी त्याने आपल्या 'हार्ट्सराइझे' या प्रवासवर्णनात लिहिले आहे. जिज्ञासूंनी तो भाग शोधून वाचावा. ती टाकसाळ 1849 साली बंद झाली.

एकोणिसाव्या शतकात चित्रे गेली आणि शब्द उरले. प्रशियाच्या टालरांवर 1826 ते 1862 या काळात 'मान्सफेल्डच्या खाणकामाचे वरदान' अशी ओळ येते. आनहाल्ट-बेर्नबुर्गच्या नाण्यांवर आनहाल्टच्या खाणींचे वरदान, हानोवरच्या नाण्यांवर हार्ट्सचे. सॅक्सनीत 'खाणकामाचे वरदान' अठराव्या शतकापासून 1871 पर्यंत चालू राहिले. वजन, कस, किंमत सगळे सर्वसाधारण टालरसारखेच, फरक एवढ्या एका ओळीचा. सराफाच्या दृष्टीने त्या ओळीला काहीच मोल नव्हते. तरी ती कोरली गेली. आणि नाण्यावर चांदीचे मापही उघड लिहिलेले असे : 'चौदा नाणी, एक शुद्ध मार्क', म्हणजे सुमारे 234 ग्रॅम शुद्ध चांदीतून चौदा टालर. 1857 नंतर 'तीस नाणी, एक पौंड शुद्ध'. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिणकस नाण्यांनी जर्मन मुलूख लुटला गेला होता. त्या आठवणीच्या पार्श्वभूमीवर कस नाण्यावरच जाहीर करणे ही मोठी गोष्ट होती.

वरदानाची दुसरी बाजू नाण्यावर नाही, ती इथे सांगतो. श्नेबेर्गच्या खाणकामगारांना छातीचा एक आजार व्हायचा आणि ते ऐन उमेदीत मरायचे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 1879 साली हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबेर्गचा आजार फुप्फुसातली गाठ असल्याचे दाखवले. तो कर्करोग होता. कारण होता त्या खडकांतल्या युरेनियममधून निघणारा किरणोत्सारी वायू, जो तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. योआखिमस्टालच्या खडकातही तेच युरेनियम होते, आणि त्याच खाणींच्या टाकाऊ मालातून क्युरी दांपत्याने रेडियम वेगळे केले. ज्या दरीने टालर दिला तिनेच रेडियम दिले.

कामगारांनीही आपली सोय आपणच बघितली. 1260 सालच्या एका दस्तऐवजात रामेल्सबेर्गच्या खाणकामगारांच्या बंधुसंघाचा उल्लेख आहे. आजारी आणि गरीब साथीदारांना मदत करणे हे त्याचे काम. अशा संघांत प्रत्येकजण मजुरीतली थोडी रक्कम पेटीत टाकत असे. जर्मनीच्या पुढच्या सामाजिक विम्याची मुळे अशा पेट्यांत शोधली जातात, आणि ते बरोबरच आहे. या नाण्यांचा विचार करताना मी टालरच्या शेजारी मनात नेहमी ती पेटी ठेवतो.

शेवट कसा झाला तेही सांगायला हवे. 1871 साली जर्मनी एक झाला आणि सोन्याच्या मार्कवर गेला. चांदीचा भाव जगभर कोसळला. फ्रायबेर्गच्या चांदीच्या खाणी तोट्यात गेल्या आणि 1913 साली बंद करण्यात आल्या. सॅक्सनीचा शेवटचा वरदानाचा टालर निघाला तो 1871 सालीच. त्यानंतर एकदाच, 1915 मध्ये, मान्सफेल्ड प्रशियात आल्याला शंभर वर्षे झाली म्हणून तीन मार्कांचे एक चांदीचे नाणे काढले गेले. त्यावर ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज आहे आणि मान्सफेल्डच्या खाणकामाच्या वरदानाची तीच जुनी ओळ आहे. ते सुमारे तीस हजारच पाडले गेले. त्या वर्षी युद्ध चालू होते.

जर्मन भाषेत या नाण्यांची जाडजूड सूचीपुस्तके आहेत. तिथे प्रत्येक ठशाचा फरक नोंदलेला सापडतो, त्यामुळे इथे तो उद्योग केलेला नाही. नाण्याच्या भावाविषयी इथे एक अक्षरही नाही. एक एक खाण घेतली आहे, तिचे नाणे, तिचे पाणी, तिचे भागधारक आणि तिची माणसे, जेवढी सापडली तेवढी. जर्मन नावे मराठीत लिहिताना उच्चाराच्या जवळ राहण्याचा प्रयत्न केला आहे. जुन्या खाणशब्दांना मराठी प्रतिशब्द मिळाला तिथे तो घेतला, नाही मिळाला तिथे मूळ शब्द ठेवून अर्थ सांगितला.

वाचकाला एकच विनंती. चित्रे पाहताना भिंग हाताशी ठेवा, आणि ढगातला हात, घोडा आणि मुकुट बघून झाला की नजर खाली, नाण्याच्या कडेजवळ न्या. तिथे टोपी घातलेली, पाठीत वाकलेली, बोटाच्या नखाहूनही लहान माणसे आहेत. कोरणाऱ्याने त्यांच्या हातातल्या कुदळीसुद्धा सोडलेल्या नाहीत. त्या मोजा.